भीतीला मार्क किती?

मार्च संपला की आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये तो फॉर्म येऊन पडतो. अप्रेझल! 'मी डेडलाइन पाळतो', 'मी टीममध्ये मिसळून काम करतो'... प्रत्येक वाक्यासमोर एक ते पाचमध्ये मार्क द्यायचे. आपणही तीन-चारवर टिक मारत जातो, मध्येच एखादा पाच टाकतो आणि चहाला पळतो.

अगदी असाच एक ते पाचचा एक फॉर्म आणखी काही लोक भरतात. पण त्यात इन्क्रिमेंटचा प्रश्न नसतो. फॉर्म भरणारे असतात दोन, चार, सहा वर्षांच्या मुलांचे आई-बाबा. प्रश्न साधारण एकाच गोष्टीभोवती फिरतात : तुमच्या मुलाच्या रक्तातली साखर अचानक खाली जाईल, याची तुम्हाला किती भीती वाटते? आणि त्या भीतीपोटी तुम्ही काय काय करता?

साखर 'खाली' जाण्याची भीती? बरोबर वाचलंत. आपल्या घरांमध्ये 'शुगर आहे' म्हटलं की साखर वाढलेली. काका चहात साखर घेत नाहीत, आत्या आंब्याच्या सीझनमध्ये चोरून दोन फोडी खाते, तो डायबिटीस. आपण ज्याबद्दल बोलतोय, ते प्रकरण वेगळं आहे. टाइप वन डायबिटीस. यात शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करून त्या संपवते. जास्त गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, लाडाने तर नाहीच नाही. शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, त्यामुळे ते रोज बाहेरून द्यावं लागतं, दिवसातून अनेक इंजेक्शनांनी किंवा पंपाने. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी या आजाराच्या मुलांना वाचवायला डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं.

पण इन्सुलिनला दोन्हीकडून धार आहे. कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर उतरते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की डॉक्टर त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, म्हणजे घरच्या भाषेत 'शुगर लो झाली'. ५४ च्या खाली गेली तर मामला गंभीर. घाम, थरथर, भूक, चिडचिड, मग गुंगी. आणि वेळेत गोड पोटात गेलं नाही, तर फिट येऊ शकते, बेशुद्धी येऊ शकते. कारण मेंदूचं मुख्य इंधनच ग्लुकोज.

मोठ्या माणसाला निदान कळतं तरी, 'अरे, मला कसंतरी होतंय.' तीन वर्षांच्या पिल्लाला ते सांगता येत नाही. ते रडतं. आता तीन वर्षांचं मूल दिवसातून किती वेळा रडतं, ते ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा! हे रडणं खेळणं हरवल्याचं, झोप आल्याचं की साखर उतरल्याचं? त्यात इन्सुलिन दिलं एका पोळीच्या हिशोबाने आणि साहेबांनी अर्ध्या पोळीवर ताट ढकललं, तर? उरलेलं इन्सुलिन काही परत काढून घेता येत नाही. एवढ्याशा शरीरात अर्ध्या युनिटचाही फरक पडतो. मग सुरू होतं आईचं मागे-मागे धावणं. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. इतर घरांत ती गंमत असते, या घरात ते डोसचं गणित असतं.

फॉर्म आला कुठून?

या भीतीवर पहिल्यांदा नीट फूटपट्टी लावली ती अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात. डॅनियल कॉक्स, लिंडा गॉन्डर-फ्रेडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये 'हायपोग्लायसेमिया फिअर सर्व्हे' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती मोठ्या पेशंटांसाठी होती. १९९८ मध्ये याच गटाने लहानग्यांच्या आयांकडे मोर्चा वळवला. पुढे २००७-०८ मध्ये सुझाना पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी लहान मुलांच्या पालकांसाठी तिचं वेगळं रूप वापरून पाहिलं. कारण उघड आहे. शाळकरी मुलाची भीती वेगळी आणि बोबडं बोलणाऱ्याची वेगळी.

या सगळ्याच्या मधोमध, १९९३ मध्ये, एक मोठी घडामोड झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ पेशंटांवरच्या डीसीसीटी या अभ्यासाचे निकाल आले. साखर काटेकोर सांभाळली, तर डोळे, किडनी आणि नसांचं नुकसान खूप कमी होतं, हे त्यात स्पष्ट दिसलं. पण काटेकोर सांभाळणाऱ्या गटात साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट होतं. म्हणजे डॉक्टर म्हणणार, 'साखर खाली आणा', आणि आईच्या पोटात गोळा येणार, 'किती खाली?' अभ्यासातले पेशंट १३ ते ३९ वर्षांचे होते, पण त्यातून निघालेला धडा घराघरांतल्या छोट्यांपर्यंत पोचला. आज साखर खाली जाण्याचं प्रमाण तेव्हापेक्षा कमी झालंय, इन्सुलिनही सुधारलंय. भीती मात्र तेवढी कमी झालेली नाही.

फॉर्मचा फंडा सोपा आहे. पंचवीसेक वाक्यं, दोन भागांत. एक भाग काळजीचा : मनात काय काय येतं? मी जवळ नसताना साखर उतरली तर, झोपेत उतरली तर, कोणाच्या लक्षातच आलं नाही तर. दुसरा भाग वागण्याचा : त्यापायी तुम्ही काय करता? रात्री उठून तपासता का, जास्तीचं खायला घालता का, साखर मुद्दाम थोडी वर ठेवता का, मुलाला एकटं सोडणं टाळता का. 'कधीच नाही'ला एक, 'नेहमीच'ला पाच. शेवटी बेरीज.

तुम्ही म्हणाल, यात मोजायचं काय? आई आहे म्हटल्यावर भीती असणारच! खरंय. पण 'असणारच' म्हटलं की विषय तिथेच संपतो. डॉक्टर मान हलवतात, नातेवाईक 'फार टेन्शन घेऊ नको गं' म्हणतात आणि आई रात्री तीनचा अलार्म लावून झोपते. आकडा आला की निदान पुढचे प्रश्न विचारता येतात. ही भीती कोणाला जास्त? कशाने वाढते? कशाने उतरते? आणि मुलाच्या तब्येतीवर तिचा काय परिणाम होतो?

दोनशेला झोप लागते

माझी एक मावसबहीण ठाण्यात राहते. तिच्या मुलाला तो तीन वर्षांचा असताना टाइप वन निघाला, आता तो पाचचा आहे. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी तिच्यासमोर बसून या प्रश्नांचा आशय सांगत गेले. ती पोळ्या लाटता लाटता उत्तरं देत होती. रात्री उठतेस? 'रोज.' त्याला आजीकडे साताऱ्याला पाठवतेस? 'एकट्याला? कधीच नाही.' मुद्दाम साखर वर ठेवतेस?

लाटणं थांबलं. 'झोपताना दोनशेच्या खाली असला ना, तर मी त्याला अर्धा कप दूध आणि बिस्कीट देते. डॉक्टरांना नाही सांगितलेलं.'

त्याचा शेवटचा तीन महिन्यांचा रिपोर्ट, म्हणजे एचबीएवनसी, ८.९ होता. याचा हिशोब केला तर सरासरी साखर दोनशेच्या थोडी वर येते. बहुतेक मुलांसाठी हा आकडा ७ च्या खाली असावा, असं डॉक्टर सांगतात. ताईला हे सगळं पाठ आहे. ती एम. कॉम. आहे, आकड्यांना घाबरणारी नाही. 'मला कळतं गं सगळं,' ती म्हणाली. 'डोळे, किडनी, सगळं. पण ते वीस वर्षांनी. तो रात्री उठलाच नाही तर, ते आज. दोनशेला मला झोप लागते.'

भीती मोजायची कशासाठी, हे मला या एका वाक्याने जेवढं कळलं, तेवढं पेपर वाचून कळलं नव्हतं. ताईचा निर्णय वेडेपणाचा नाही. तिने एकदा फिट पाहिलीय. पहाटे साडेचारला, मोरी आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये. अशा अनुभवानंतर आईने सावध व्हावं, यात नवल ते काय? १९९८ च्या अभ्यासातही साखर उतरून शुद्ध हरपलेल्या किंवा फिट आलेल्या मुलांच्या आयांची भीती जास्तच निघाली होती. पण तीच भीती रोज रात्री मुलाला थोडं थोडं इन्सुलिन कमी किंवा खाणं जास्त देत राहते, आणि रिपोर्टवर फक्त '८.९' छापून येतं. दवाखान्यात त्याचा अर्थ निघतो, 'पथ्य पाळत नाही.' कागदावर भीतीचा रकानाच नसतो.

मजा म्हणजे तिच्या नवऱ्याची उत्तरं. काळजीच्या प्रश्नांना त्याने एक-दोनच मार्क दिले. 'काही होत नाही, आपण लक्ष देतोय ना.' आणि वागण्याच्या प्रश्नांना? पाच, चार, पाच. हा माणूस ऑफिसच्या ट्रिपला दोन वर्षांत एकदाही गेलेला नाही. तो स्वतःला बिनधास्त समजतो. दोघांनी एकमेकांची उत्तरं पाहिली, तेव्हा थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

नॉर्वेमध्ये २०१० मध्ये आई आणि वडील दोघांनाही ही प्रश्नावली देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे दोन्ही भागांत आयांचे मार्क वडिलांपेक्षा जास्त आले. आणि काळजीचे मार्क जिथे जास्त, तिथे मुलांचा एचबीएवनसीही जास्त होता. आता कोंबडी आधी की अंडं, हे अशा एकवेळच्या पाहणीतून सांगता येत नाही. भीतीमुळे साखर वर राहते, की साखर ताब्यात येत नाही म्हणून पालकांची काळजी वाढते? दोन्ही असू शकतं. पण दोघं एकत्र नांदतात, हे नक्की.

मार्कांचा अर्थ

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, बॉस. या परीक्षेत पस्तीसला पास असा प्रकार नाही. सगळीकडे मान्य झालेली 'यापुढे धोका' अशी रेषा नाही. जास्त मार्क म्हणजे आई खचलेली, असंही नाही. ज्या घरात मागच्याच महिन्यात फिट आलीय, तिथे मार्क जास्त येणं शहाणपणाचंच लक्षण. आणि कमी मार्क म्हणजे शूरपणा? छे! कदाचित धोका नीट समजलेलाच नसेल. म्हणून हा आकडा एकटा वाचायचा नसतो. शेजारी मुलाचा इतिहास, रिपोर्ट आणि घरात मदतीला किती हात आहेत, हे ठेवूनच तो वाचायचा.

शिवाय फॉर्म अमेरिकेत जन्मलेला. आपल्याकडे विचारायचं तर शब्द मराठीत केले की झालं, असं होणार नाही. आपल्या भीतीच्या जागा वेगळ्या आहेत. लग्नाच्या पंगतीत पोराला कोणी कौतुकाने जिलबी भरवली तर? 'एवढ्याशाला कसली इंजेक्शनं' म्हणत सासूबाईंनी डोसच टाळला तर? स्कूल व्हॅन पावसात दीड तास अडकली तर? हे प्रश्न इथल्याच घरांत बसून लिहावे लागतील. आणि हे काही मूठभर घरांचं दुखणं नाही. आंतरराष्ट्रीय डायबिटीस फेडरेशनच्या २०२१ च्या ॲटलासमध्ये वीस वर्षांखालच्या टाइप वन मुलांच्या संख्येत भारत जगात पहिला होता, अंदाजे २ लाख २९ हजार मुलं.

यंत्र आलं, झोप आली?

गॅजेट फ्रीक मंडळी आतापर्यंत चुळबुळ करायला लागली असतील. सेन्सर आहेत की! आहेत. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला नाण्याएवढा सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवतो, शेजारी बाण, वर की खाली. यातला 'फोनवर' हा भाग कुठून आला, त्याची गोष्ट तर आपल्या आयटीवाल्यांनी ऐकायलाच हवी.

जॉन कॉस्टिक. न्यूयॉर्क राज्यातल्या एका सुपरमार्केट कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला टाइप वन झाला. सेन्सर होता, पण आकडा दिसायचा तो मुलाजवळच्या छोट्या यंत्रावर. मुलगा एकीकडे, बाबा ऑफिसात. २०१३ मध्ये त्याने स्वतः कोड लिहून तो आकडा इंटरनेटवर चढवला आणि ट्विटरवर सांगून टाकलं. तसंच मूल घरी असलेला लेन डेस्बरो हा इंजिनीअर त्याला येऊन मिळाला, आणखी पालक जमले आणि 'नाइटस्काउट' नावाची फुकट वापरता येणारी सिस्टीम उभी राहिली. त्यांचं घोषवाक्य होतं, आम्ही थांबणार नाही. पुढे कंपन्यांनीही ही सोय स्वतःहून दिली. भीती कधीकधी असाही कोड लिहून घेते.

मग प्रश्न सुटला? साखरेच्या बाजूने बऱ्यापैकी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेन्स या अमेरिकन चाचणीत दोन ते आठ वर्षांखालच्या मुलांना सेन्सर दिल्यावर साखर खाली राहण्याचा वेळ स्पष्टपणे कमी झाला. पण साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ मात्र फारसा वाढला नाही.

आणि घरची कथा निराळीच. मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं, तर दाबामुळे आकडा खोटाच खाली दाखवतो आणि रात्री दोनला अलार्म कोकलतो. आई धावत जाऊन बोट टोचते, तर साखर १३०! सेन्सर दोनेक आठवड्यांनी बदलायचा, म्हणजे खर्च कायमचा. शिवाय आकडा खिशात आला की तो सारखा बघावासा वाटतो. कोणाला त्याने शांत झोप मिळते, कोणाची होती तीही जाते. हे कसं कळणार? मशीन लावण्याआधी आणि नंतर भीती मोजूनच.

भीतीवर थेट कामही सुरू झालंय. सुझाना पॅटन यांच्याच गटाने लहान मुलांच्या पालकांसाठी व्हिडिओवरून घ्यायची सत्रं तयार केली. खरा धोका आणि मनातला धोका वेगळा कसा काढायचा, रात्रीचं नियोजन कसं करायचं, असं त्यात शिकवतात. २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या छोट्या चाचणीत पालकांची भीती कमी झालेली दिसली.

ताईचं म्हणाल, तर तिने पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना दुधाच्या कपाची गोष्ट सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत. 'हे आधी सांगितलं असतंत तर मी डोस वाढवत बसलो नसतो,' एवढंच म्हणाले. आता झोपतानाचं टार्गेट दोनशेवरून एकशे ऐंशीवर आलंय. त्याखाली कधी जायचं, ते ताईने ठरवायचं. अलार्म अजूनही तीनचाच आहे, पण एक दिवस तिचा, एक दिवस नवऱ्याचा.

आपण काय करायचं?

आपल्यापैकी बरेच जण अजून आई-बाबा झालेले नाहीत. पण असे आई-बाबा आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये असू शकतात. मीटिंगमध्ये कोणी पुन्हा पुन्हा फोन बघत असेल, तर लगेच 'ॲटिट्यूड' म्हणून शिक्का मारू नका. कोणाच्या मुलाला टाइप वन आहे असं कळलं, तर 'काय खायला घालत होतात?' हा प्रश्न कृपया गिळून टाका. आणि 'माझ्या मामांनी कारल्याच्या रसाने शुगर बरी केली' हा सल्ला तर त्याहून आधी. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन थांबवणं जिवावर बेतू शकतं.

तुम्ही मामा, मावशी, काका, आत्या असाल तर चार गोष्टी शिकून घ्या. ग्लुकोमीटर कसा वापरतात, हे एकदा बघून घ्या. साखर ७० च्या खाली आली, तर लगेच विरघळणारं गोड द्यायचं, ग्लुकोज पावडर, साखरपाणी किंवा फळांचा रस, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मोठ्यांना साधारण १५ ग्रॅम, लहानग्यांना कमी; नेमकं किती, ते त्या मुलाचे डॉक्टर ठरवून देतात. मूल बेशुद्ध असेल किंवा फिट आली असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. शाळांचंही तसंच. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि साखरेच्या गोळ्या जवळ ठेवायची परवानगी दिली. नर्सरीच्या बाईंना मात्र हे आपल्यालाच समजावून सांगावं लागतं.

हे शिकलात, की एखाद्या शनिवारी त्या घरी फोन करा आणि सांगा, 'आज रात्री मी येते झोपायला, तीनचा अलार्म माझा.' 'टेन्शन घेऊ नको' म्हणण्यापेक्षा हे नक्की जास्त उपयोगाचं.